थांब नावाची मुलगी

या गोष्टीत तुम्ही आत्या आहात. पुरुष वाचकांनीही घटकाभर आत्या व्हावं, काही बिघडत नाही. धाकट्या भावाला तिसरी मुलगी झाली आहे, रविवारी बारसं आहे आणि पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तुमचा. नाव मात्र अजून ठरलेलं नाही.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस नावांचा पाऊस पडतोय. मायरा, कियारा, तान्या, मिला. तान्या हे रशियन तात्यानाचं लाडाचं रूप आणि मिला म्हणजे तिकडच्या स्लाव भाषांत 'लाडकी'. जळगावात हल्ली तान्या नि नताशा शाळेच्या रिक्षात दाटीवाटीने बसून जातात, कुणाला त्यात काही परकं वाटत नाही. तुमच्या आईने मात्र ग्रुपवर एकही नाव टाकलेलं नाही. दवाखान्यात तिने दुपटं सारून नातीचं तोंड पाहिलं आणि पुटपुटली, "थांब आते, माय."

ती कुणाला म्हणाली? बाळाला, सुनेला, की वर बसलेल्याला?

थांब हा शब्द मराठीत दुधारी आहे. निघालेल्या पाहुण्याला म्हटलं तर 'जाऊ नको'. रांगेत पुढे घुसणाऱ्याला म्हटलं तर 'येऊ नको'. आई यातलं काय म्हणाली, ते विचारायचा धीर तुम्हाला झाला नाही.

आज तुम्ही वेगळ्याच कामाला कचेरीत आल्या आहात. थोरल्या भाचीची जात पडताळणी आहे आणि तिच्यासाठी पणजोबांच्या पिढीचा पुरावा हवा, म्हणून कोतवाल बुकाची नक्कल काढायची आहे. ज्यांनी हे पुस्तक पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: गाव नमुना 14, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद. लाल फडक्यात बांधलेला बस्ता सुटतो. कागद भाजक्या पापडासारखा झालेला, कडेला हात लावला की चुरा. मोडी वाचणारे काका चष्मा कपाळावर चढवून ओळीवर बोट धरतात. तारीख. बापाचं नाव. जात. आणि पुढे एकच शब्द, 'मुलगी'.

"आणि तिचं नाव?"

"नाव नसतं ताई यात. अमक्याला मुलगा झाला, अमक्याला मुलगी झाली, एवढंच."

मोडी लिहिताना हात उचलत नाहीत. बोरू एकदा टेकला की अक्षराला अक्षर जोडत ओळ संपेपर्यंत रेघ पळते. तुमचं बोट त्या रेघेवर ठेवा. आता रेघ जाईल तिकडे जायचं.

*

चिखल. ओल्या कापसाच्या पानांचा वास. लांबून आगगाडीची शिटी. तुम्ही आसोद्याच्या वेशीवर उभ्या आहात, जळगावहून तासाभराच्या चालीवर. साल 1880, महिना श्रावण. जळगाव अजून जिल्हा झालेला नाही. सगळा मिळून एकच खानदेश, त्याचं ठाणं धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम अशा दोन फाळ्या व्हायला 1906 साल उजाडायचं आहे. साहेबाच्या गॅझेटियरचा बारावा खंड, खानदेशाचा, याच 1880 सालचा. त्यात जमीन, कापूस, गुरं, पाऊस सगळं मोजून ठेवलं आहे. ज्या घरात तुम्ही आता शिरताय तिथे नागपंचमीला जन्मलेली पोर मात्र त्या मोजणीत कशी यावी?

घर उखाजी महाजनांचं. बाळंतीण भिमाई. गावात नुकतीच खानदेशाची देवी कानबाई बसून उठली आहे, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते आणि सोमवारी नदीला जाते. रोटाच्या पुरणाचा वास अजून भिंतींतून गेलेला नाही. ओसरीवर बायका, परातीत शिजवलेल्या घुगऱ्या, खुंटीला टांगलेलं सूप. कान देऊन ऐका, कोण कुणाला काय हाक मारतंय. अंगणातल्या माणसांची नावं मी खानदेशच्या ठेवणीतली घालते आहे, एवढी मोकळीक द्या.

"ए सुपडू, बैल सोड."

"उखर्डूला सांग, पान मांडलं."

"भिका आला का? चिंधा कुठे गेली?"

आजच्या कानाला ही नावं म्हणजे शिव्या. सूप, उकिरडा, भीक, चिंधी. शाळेत असं नाव असलेल्या पोराला किती सोसावं लागतं ते तुम्ही पाहिलंय. कितीतरी सुपडूंनी दहावीच्या फॉर्मवर स्वतःला सुनील करून घेतलं. पण इथे, 1880 च्या या ओसरीवर, ही नावं म्हणजे घराने मृत्यूशी खेळलेला डाव आहे. आधीची दोन-तीन लेकरं गेली की पुढचं जन्मताच सुपात घालायचं, शेजारणीच्या ओट्यावर ठेवायचं आणि मूठभर दाणे देऊन तिच्याकडून परत 'विकत' घ्यायचं. ते पोर मग आपलं नव्हेच, सुपातून आलेलं, म्हणून सुपडू. कोंड्याच्या बदल्यात घेतलं तर कोंडाजी. उकिरड्यावर क्षणभर ठेवलं तर उखर्डू. नाक टोचून मुलीसारखं सजवलं तर नथू. नजर लावणाऱ्याने, नेणाऱ्याने बघावं आणि म्हणावं, शी, हा केर कोण नेतो. खानदेशात या नावांचं पीक जितकं आलं तितकं कोकणात आलेलं मला दिसलं नाही, पण हे माझं पाहणं; मोजणी कुणी केली तर बरं होईल. यजमानांचं 'उखाजी' हे नावही मला उखर्डूच्या भाऊबंदातलं वाटतं, मात्र ती माझी अटकळ समजा.

सहाव्या रात्री नशीब लिहिणारी सटवाई येऊन गेली असणार. तिच्यासाठी कोरा कागद नि लेखणी ठेवायची, घरच्यांनी तिकडे बघायचं नाही. सकाळी कागद कोराच असतो, आणि तरी त्यावर सगळं लिहिलेलं असतं.

पाळणा हलतो. आत्या वाकते. पाठीवर बायकांच्या बुक्क्या बसतात, हसू फुटतं, आणि कानात 'कुर्रर्र' करून ती नाव सांगते.

बहिणा.

बस. देवीचं नाव नाही, नदीचं नाही, फुलाचं नाही. सूप नाही, चिंधीही नाही. संस्कृतातल्या भगिनीची घासून गुळगुळीत झालेली बहीण, तीच नाव म्हणून ठेवली. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मराठी बायका भावाचा उपवास धरतात. त्या सणाला आलेल्या पोरीचं नाव बहिणा पडावं, हा योग मला गंमतीचा वाटतो. कारण म्हणून नाही सांगत, योग म्हणून सांगते. घरात घमा, गना, घना असे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा अशा आणखी तीन बहिणी. चार मुलींतल्या एकीच्या वाट्याला नातंच नाव म्हणून आलं. आपण कोण? कुणाची तरी बहीण.

नाव नवं नव्हतं. वेरूळजवळच्या देवगावात 1628 साली जन्मलेली, तुकोबांना गुरू मानणारी संत बहिणाबाई आधीच होऊन गेली होती. पाळण्यातल्या या बहिणेला त्या बहिणेचं काही देणंघेणं नाही. ती झोपली आहे.

*

सटवाईचा कोरा कागद हातात घ्या. त्याच्यावरून आणखी एक रेघ निघते, ती खूप लांब जाते.

थंडी. लाकडी घर, धूर छपरातूनच बाहेर जातोय. द्रीना नदीच्या खोऱ्यातलं त्रशिच नावाचं गाव, सर्बियातलं; साल 1787, राज्य तुर्की सुलतानाचं. इथेही बाळंतिणीच्या उशाशी भाकर ठेवली आहे. इथे सटवाई एकटी येत नाही, तिघी येतात आणि सहाव्याऐवजी तिसऱ्या रात्री येतात. सर्ब लोक त्यांना सुज्याये म्हणतात, शेजारचे बल्गेरियन ओरिस्नित्सी. एक आयुष्य मोजते, एक सुखदुःख ठरवते, आणि शेवटचीचा शब्द खरा होतो. घरच्यांनी इथेही त्यांच्याकडे बघायचं नसतं. तुम्ही आसोद्याहून आलेल्या, तुम्हाला कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

या घरातली आधीची लेकरं जगलेली नाहीत. चेटकिणी पोरं खातात असा इथला समज. म्हणून या मुलाचं नाव ठेवलं वुक, म्हणजे लांडगा. लांडग्याच्या वाटेला चेटकीण जात नाही. आपल्याकडे पोराचा केर करून नेणाऱ्याला फसवलं. यांनी पोराचा लांडगा करून त्याला भिववलं. डाव एकच, हुकूम वेगळा.

हा लांडगा जगला. पाय अधू झाला, लाकडी पाय लावून चालला, आणि पुढे सर्बियन भाषेचा सगळ्यात मोठा कोशकार झाला: वुक कराजिच. 1818 मध्ये व्हिएन्नात त्याचा कोश छापून निघाला, 26,270 शब्दांचा. त्यात 'वुक' या शब्दापाशी त्याने हा समज नोंदवला आणि कंसात सांगून टाकलं की माझंही नाव असंच ठेवलंय. कोशात स्वतःची जन्मकथा घुसवणारा माणूस मला फार आवडतो.

पण तुम्ही आलात त्या पलीकडच्या घरासाठी. ते घर मी रचलंय, तसली घरं मात्र तिकडे गावोगाव होती. तिथे चौथी मुलगी झाली आहे. आजी चुलीपाशी बसली आहे, सून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. कुणी रडत नाही, कुणी हसतही नाही. आजी नाव उच्चारते.

स्ताना.

तुम्ही भाषा जाणत नाही, तरी कान टवकारतो. सर्बियनमध्ये 'स्ताती' म्हणजे उभं राहणं, थांबणं. बेलग्रेडच्या रस्त्यावर आजही 'स्तानी!' अशी हाक आली तर पुढचा माणूस थबकतो. त्यांच्याकडे 'स्तान' म्हणजे मुक्काम, राहायची जागा. आपलं स्थान, ठाणं, स्थिर ही सगळी त्याच घरची भावंडं. त्यांची 'सेस्त्रा' आणि संस्कृतातली 'स्वसा' याही अशाच एका पोटच्या. लाडाने 'सेका' म्हणतात, आणि सेका नावाच्या बायका तिकडे खरोखर असतात. म्हणजे बहिणा तिकडेही आहे.

स्ताना म्हणजे थांब.

मग तुमच्या आईचाच प्रश्न इथे, हजारो मैलांवर, चुलीपाशी बसलेला दिसतो. थांब, म्हणजे काय? नावांचा अभ्यास करणारे दोन्ही अर्थ सांगतात. जिथे लेकरं जगत नव्हती तिथे स्ताना किंवा स्तान्का म्हणजे 'तू राहा, जाऊ नको'. बल्गेरियातली स्तोयांका त्याच मुळाची, तिच्यात टिकून राहण्याचा अर्थ जास्त ठळक. आणि जिथे मुलींवर मुली होत होत्या तिथे तीच स्ताना म्हणजे 'पुरे झाल्या, आता मुलगी नको'. एवढं आडून बोलायचा कंटाळा आला तर काही घरांनी सरळ दोस्ता नाव ठेवलं. दोस्ता म्हणजे पुरे. यात मैत्रीचा संबंध नाही.

एक घोळ इथेच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी पत्र लिहील. प्रत्येक स्तानाच्या मागे नकोसेपणच असतं असं नाही. ग्रीक अनास्तासिया, म्हणजे पुनरुत्थान, हिलाही लाडाने स्ताना म्हणत. माँटेनिग्रोची राजकन्या अनास्तासिया अशीच स्ताना होती. तिने आणि तिची बहीण मिलित्सा हिने रास्पुतिनला झारच्या घरी पोचवलं. स्तानिस्लावाचं आखूड रूपही स्तान्का होतं. राजवाड्यातली एक स्ताना, चुलीपाशी निमूट स्वीकारलेली दुसरी, हाक मारताना दोघी सारख्याच. दुसऱ्या महायुद्धात बंदूक घेऊन लढलेली स्ताना तोमाशेविच पुढे युगोस्लाव्हियाची नॉर्वेतली राजदूत झाली. थांब नावाची बाई काही थांबली नाही, असं म्हणायचा मोह होतो. म्हणून टाकते.

*

तिसरी रेघ धुळ्याला जाते. डिसेंबर 1926. थंडी इथेही आहे, खानदेशातली कोरडी थंडी, ओठ फुटवणारी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे या गावात आहेत. इतिहासाचार्य. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत गावोगाव हिंडलेला, स्वयंपाक स्वतः करणारा, आयुष्यभर मराठीतच लिहिणारा, आणि ज्यांच्याशी पटलं नाही त्यांच्याशी हयातभर न पटवून घेणारा माणूस. पुण्यात 1910 साली त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. शेवटी मुक्काम मात्र धुळ्यात.

तुम्ही दारातून डोकावता. कागद, टाचणं, दप्तरं. माणूस शब्दांच्या मागे लागलेला आहे. मराठीतला प्रत्येक धातू कुठून आला, प्रत्येक नाव कुठून आलं, गावाचं, माणसाचं, वस्तूचं. सुपडूला आणि विश्वनाथाला इथे एकच माप. तुमच्या तोंडावर प्रश्न आलेला असतो: आपली 'बहिणा' आणि त्यांची 'सेका', आपला 'थांब' आणि त्यांची 'स्ताना', यांचं एकमेकांत काय लागतं? पण तुम्ही विचारत नाही. एक तर ते वर बघत नाहीत. दुसरं म्हणजे महिना डिसेंबर आहे आणि त्यातला शेवटचा दिवस, 31 तारीख, त्यांच्याही आयुष्यातला शेवटचा आहे, हे या खोलीत फक्त तुम्हाला माहीत आहे.

पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केलं. टाचणं वाऱ्यावर गेली नाहीत. 1937 मध्ये त्यांचा धातुकोश निघाला, 1942 मध्ये नामादिशब्दव्युत्पत्तिकोश. दोन्ही या मंडळाने काढले. नावाचा उगम शोधायचा तर मराठी माणसाला बराच काळ धुळ्याचं दार ठोठवावं लागत होतं. आजही मंडळाची वास्तू आहे. धुळ्याला शेवभाजी खायला उतरणाऱ्यांनी तासभर काढून आत जावं.

*

आता परत जळगावकडे. बोट उचलू नका, रेघ भराभर चालते आहे.

1893. तेरा वर्षांची बहिणा चौधरींच्या घरी सून म्हणून येते. नवऱ्याचं नाव काय? नथूजी. नाक टोचून राखलेल्या पोरांच्या नावांतलं नाव. बहिणेने नथूला वरला. मराठी नावांच्या इतिहासात इतकी बोलकी जोडी मला दुसरी ठाऊक नाही. ते नाव तिने जन्मभर उखाण्याशिवाय घेतलं नसेल.

पुढे ती ऐन तारुण्यात विधवा होते. काशी, ओंकार, सोपान ही तीन लेकरं, शेत, जातं. अक्षरओळख नाही. कोतवाल बुकातली मोडीची रेघ तिला वाचता आली नसती. जात्यावर बसली की ओव्या मात्र तिच्या तोंडून पिठासारख्या पडत. बोली तिची लेवा गणबोली. तिला अहिराणीची कवयित्री म्हणणारे अजून भेटतात, त्यांनी खानदेशात दहा कोसांवर बोली कशी बदलते ते एकदा एसटीने फिरून ऐकावं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवल्या म्हणून त्या ओव्या राहिल्या.

3 डिसेंबर 1951. जळगाव. ती गेली. कागद आईच्या मागे उरले. सोपानदेवांनी ते आचार्य अत्र्यांना दाखवले आणि 1952 साली पुस्तक निघालं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह: 'बहिणाबाईंची गाणी'. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. आसोद्याच्या पाळण्यात आत्याने कानात सांगितलं होतं तेवढंच. महाराष्ट्रभर शाळेतली पोरं म्हणू लागली, बहिणाबाई. तीन भावांची बहीण होती ती सगळ्यांची झाली, असं भाषणात म्हणतात. मला ते पटत नाही. ती कुणाची बहीण म्हणून मोठी झाली नाही. नातं हे नाव असूनही ती एकटीच्या बळावर मोठी झाली.

1990 साली जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं, जळगाव, धुळे आणि आता नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांचं. 2018 मध्ये त्याच्या नावाआधी कवयित्री बहिणाबाई चौधरी हे नाव आलं. धुळ्याच्या वाटेवर, महामार्गाच्या कडेला, कमानीवर ते नाव आहे. पदवी घेणाऱ्या प्रत्येक पोराच्या कागदावर ते छापलं जातं. गॅझेटियरात न मावलेली पोर.

*

घाईने एक थांबा घ्यायचा आहे, नकोसा आहे म्हणूनच घाई.

2011, ऑक्टोबर. सातारा. खानदेश नव्हे, पण आपलाच महाराष्ट्र. हॉलमध्ये मुली रांगेत उभ्या आहेत, कुणी सात वर्षांची, कुणी कॉलेजात जाणारी. त्यांची सगळ्यांची नावं एकच किंवा सारखीच: नकुशा, नकोशी, नकुसा. जिल्ह्यात शोध घेतला तेव्हा अशा 285 मुली सापडल्या. आज त्यांना नवी नावं मिळणार आहेत, प्रमाणपत्रासह. बाल्कनच्या आजीने निदान आडून म्हटलं होतं, स्ताना. आम्ही थेट म्हटलं.

आणि याच वर्षीच्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्याचा आकडा बघा. सहा वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे साडेआठशेहूनही कमी मुली. साताऱ्याकडे बोट दाखवायचं तोंड आपल्याला नाही. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला होता, 1994 मध्ये देशाचा झाला. तरी हा आकडा. इथे नकुशा नाव ठेवायची वेळच येऊ दिली नाही. थांब हा शब्द पाळण्यापाशी म्हणायचा तो सोनोग्राफीच्या खोलीत म्हटला गेला, आणि तिथे त्याला एकच धार उरली.

म्हणून मला सुपडू, उखर्डू, चिंधा या नावांची लाज वाटत नाही. ती लेकरू हवं म्हणून ठेवलेली नावं आहेत. कुरूप, पण हवं म्हणून.

*

काकांनी बस्ता बांधायला घेतला आहे. तुमच्या बोटाला चुरा लागलाय. नक्कल गुरुवारी मिळेल.

घरी आई लसूण सोलत बसली आहे. तुम्ही शेजारी बसता, चार पाकळ्या हातात घेता. आणि विचारता, पण ते नव्हे जे विचारायचं होतं.

"आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

आई थांबते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं गेलं तेच तुम्ही जन्मभर ऐकत आलात. रेशनकार्डावर ते, आधारवर ते. त्याच्या आधी सोळा वर्षं ती दुसऱ्याच नावाने हाकेला ओ देत होती, हे तुम्हाला ठाऊक होतं, पण ते नाव विचारावंसं कधी वाटलं नव्हतं. ती लाजते. मग सांगते. मग सुरीने लसणाची शेंडी उडवत, तुमच्याकडे न बघता म्हणते, "मी पन तिसरीच होती. आमची आजी म्हने, थांब माय, जाऊ नको. मनाआधीना दोन्ही गयल्या व्हत्या."

ते नाव मी इथे लिहीत नाही. रविवारी ते आधी बाळाच्या कानात सांगायचं आहे.

सोमवारी भाऊ महापालिकेत जाईल. जन्मनोंद दवाखान्यातून झालेली आहे, फक्त नावाचा रकाना रिकामा आहे. तो नंतर भरून घेता येतो, त्याला 15 वर्षांपर्यंत मुदत असते; कुणाच्या घरी राहिला असेल तर उशीर करू नका. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांसाठी महाराष्ट्रात सरकारी कागदांवर नाव लिहायचा क्रमही ठरला आहे: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव.